ऑगस्टीनचा पत्रा उडाला की फेकला

वटार, १७ जून १९९७

प्रिय लिडिया मावशीस,

मी प्रीतल, मॅग्डलीनची मुलगी. आता पाचवीत आहे. मम्मी म्हणते तू सातिवलीच्या कारखान्यात पंख्यांची पाती बनवतेस आणि वाऱ्याचं सगळं शिकली आहेस. म्हणून विचारते. पत्रा उडतो का?

शनिवारी रात्री मोठा वारा आला. आमच्या पंपाच्या खोपीवरचा अख्खा पत्रा गेला आणि पाण्याने भरलेल्या बावखलाच्या पलीकडे जयवंत आजोबांच्या वाडीत पडला. त्यांच्या पानवेलीच्या आठ ओळी मोडल्या. आजोबा म्हणतात, एवढं मोठं धूड उडत नाही, ऑगस्टीनने फेकलं. कारण आदल्या दिवशी बावखलाच्या पाण्यावरून दोघांचं वाजलं होतं. पप्पा म्हणतात, उडाला.

मोठ्या माणसांचं मला काही नाही. पण पिंकी त्यांची नात आहे. आजोबांनी तिला सांगितलंय, पत्रा उडाला हे सिद्ध होईपर्यंत त्या घरातल्या कोणाशी बोलायचं नाही. ती शाळेत माझ्याच बाकावर बसते आणि भिंतीकडे बघते. आज तिने माझं खोडरबर घेतलं तेसुद्धा भिंतीकडे बघून.

तू लवकर लिही. हे मी फक्त माझ्यासाठी विचारते आहे.

तुझी प्रीतल

---

नवघर, वसई पूर्व, २१ जून १९९७

प्रिय प्रीतल,

तुझं पत्र पोचलं. बारा किलोमीटरला तीन दिवस लागले, म्हणजे ते उडत आलं नाही.

उत्तर: पत्रा उडू शकतो. तुमचा उडाला की नाही, ते माहिती नसताना सांगता येणार नाही.

आधी एक गोष्ट करून बघ. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी काप. तिचं एक टोक खालच्या ओठाखाली धर. दुसरं टोक खाली लोंबेल. आता पट्टीच्या वरून जोरात फुंक. खालून नाही, वरून. काय होतं ते लिही.

त्याचं कारण असं. हवा दिसत नाही, पण ती सगळ्या बाजूंनी सगळ्यांना दाबत असते. तुझ्या वहीला वरून दाबते तशी खालूनही दाबते. दोन्हीकडून सारखंच, म्हणून वही जागेवर राहते. वारा छपरावरून वळून जाताना वेगाने जातो आणि तिथे हवेचा दाब कमी होतो. खोपीच्या आत हवा शांत असते, तिचा दाब तसाच राहतो. मग खालचा जोर जिंकतो. वारा छप्पर वर ओढतो असं लोक म्हणतात. खरं म्हणजे त्याला आतली हवा वर ढकलते.

तुला शाळेत कोणी सांगेल की वरची हवा आणि खालची हवा पलीकडे एकाच वेळी पोचायला हवी म्हणून वरची पळते. त्यांची तशी काही भेट ठरलेली नसते. ते चूक आहे.

पिंकीबद्दल मला सल्ला देता येत नाही. तो माझा विषय नाही.

लिडिया मावशी

---

वटार, २६ जून १९९७

प्रिय लिडिया मावशीस,

पट्टी वर आली! आम्ही सगळ्यांनी केलं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला फुंकता येईना, मग त्याने कवळी काढून ठेवली आणि पुन्हा फुंकलं तेव्हा जमलं.

वर्गातल्या मुलांचे प्रश्न आहेत. एकदम लिहिते.

एक मुलगा विचारतो, कोंबडीला पंख आहेत, ती उडत नाही. पत्र्याला पंख नाहीत, तो उडाला म्हणता. मग देव चुकला का?

तोच मुलगा विचारतो, विमानाला पायलट असतो, पत्र्याला पायलट कोन होता?

दुसरा एक मुलगा म्हणतो, छप्पर वर जाईल हे समजलं, पण बावखल ओलांडून पुढे कसं जाईल? वर गेलेली वस्तू तिथेच खाली पडते. त्याने नारळ टाकून दाखवला.

पिंकी अजून बोलत नाही. काल तिचा दात पडला. मला तो बघायचा होता.

तुझी प्रीतल

---

नवघर, १ जुलै १९९७

प्रिय प्रीतल,

तुझ्या पाचवीच्या वर्गातल्या मुलाला कवळी आहे, हे मी वाचलं. काही विचारत नाही.

कोंबडीबद्दल. उडण्यासाठी पंख असून भागत नाही. वजन किती आणि ते पेलायला पंख केवढा, हे बघावं लागतं. घार हलकी आणि तिचा पंख मोठा. कोंबडी जड आणि पंख आखूड. तीसुद्धा कुंपणापर्यंत उडते, तिला तेवढंच काम असतं. पत्रा म्हणजे नुसता पंखच. खाली कोंबडी नाही.

पायलटबद्दल. उडायला पायलट लागत नाही. हव्या त्या ठिकाणी उतरायला लागतो. पत्रा पानवेलीत उतरला, यावरून त्याला पायलट नव्हता असं दिसतं.

पुढे कसा गेला त्याबद्दल. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, पण तू काढला असशीलच. तळहात आडवा धरला तर हात सरळ राहतो. पुढची कड जरा वर केली की हात आपोआप वर फेकला जातो आणि मागेही जातो. हात हवेला खाली ढकलतो, हवा हाताला वर ढकलते. पतंगाचं हेच आहे. पत्र्याची वाऱ्याकडची कड सुटून वर आली की त्याचा पतंग होतो, फक्त दोरी नसते. चार जोर लक्षात ठेव: वजन खाली ओढतं, उचल वर नेते, ढकल पुढे नेते, अडवण मागे खेचते. विमानात ढकलायला इंजिन असतं, आणि हवा त्याला अडवते. सुटलेल्या पत्र्याला वाराच पुढे नेतो. नारळावर या वाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण नारळ गोल, लहान आणि जड आहे. त्या मुलाला सांग, नारळ पुन्हा टाकू नकोस, कोणाच्या तरी पायावर पडेल.

आता मला मोजमापं हवीत. पत्र्याची लांबी, रुंदी, वजन. बावखलाची रुंदी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पत्रा खालच्या वाशांना ज्या आकड्यांनी बांधतात, ज्यांना जे-बोल्ट म्हणतात, ते किती होते. भोकं मोज, आकडे वेगळे मोज.

लिडिया मावशी

---

वटार, ६ जुलै १९९७

प्रिय लिडिया मावशीस,

लांबी आठ फूट. रुंदी पाच फूट, दोन पत्रे जोडून. वजन केळ्यांच्या वखारीतल्या काट्यावर केलं, खालच्या लाकडी रिपांसकट सव्वीस किलो. बावखल बत्तीस फूट रुंद. व्हिन्सेंट काकांनी सुतळी धरली. वखार त्यांची आहे.

आकड्यांसाठी भोकं वीस. आकडे चार. चारही पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या.

वजन करायला बरीच मुलं आली होती. एक मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला.

पिंकी आज वखारीच्या दारापर्यंत आली आणि आजोबांनी खाकरल्यावर परत गेली.

तुझी प्रीतल

---

नवघर, १० जुलै १९९७

प्रिय प्रीतल,

हिशेब खाली देते. तुला जमेल, हळू वाच.

ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण तीस किलो वजनाएवढा जोर लावू शकतो. तुमचा पत्रा सुमारे पावणेचार चौरस मीटरचा. म्हणजे त्याला वर न्यायला एकशे दहा किलोंच्या आसपास जोर होता आणि खाली ठेवायला सव्वीस किलो वजन. बाकीचा जोर आकड्यांनी पेलायचा असतो. वीस आकडे असते तर प्रत्येकावर चार-सव्वाचार किलो आले असते. चारच होते आणि तेही एकाच कडेला. म्हणून दुसरी कड आधी उचलली गेली, मग एकेक आकडा सरळ झाला.

निष्कर्ष: पत्रा उडाला. बत्तीस फूट त्याला काहीच नाही.

आता हे फक्त तुझ्यासाठी लिहिते. ऑगस्टीन भावोजींचं काम देखणं असतं, मजबूत नसतं. लोकांना दिसतं तिथे ते आकडे मारतात. हे मला पूर्वीपासून माहीत आहे.

तू मागे मम्मीला विचारलं होतंस म्हणे, मावशी वटारला का येत नाही. कारण आले की कोणीतरी स्थळ आणतं. मागच्या खेपेला व्हिन्सेंटच्या भाच्याचा फोटो दाखवला. कारखान्यात काढलेला. फोटोत त्याने पाना उलटा धरला होता. मी फोटो परत दिला आणि पुन्हा आले नाही.

आता पिंकीशी बोलायला हरकत नसावी.

लिडिया मावशी

---

वटार, १४ जुलै १९९७

प्रिय लिडिया मावशीस,

तू रागावू नकोस. आधी सगळं वाच.

वर्ग म्हणजे वर्ग नव्हता. तुझं पत्र आलं की केळ्यांच्या वखारीत पाच पंच बसतात, पत्र्याचा निकाल लावायला. तुझी पत्रं मी तिथे उभी राहून वाचते. कवळीवाला मुलगा जयवंत आजोबा. नारळवाले व्हिन्सेंट काका, तेच मुख्य पंच. मी खोटं लिहिलं कारण तू मोठ्यांना पत्र लिहीत नाहीस असं मम्मी म्हणाली.

काल तुझं पत्र वाचलं. मला वाटलं निष्कर्षानंतर थांबावं. पण व्हिन्सेंट काका म्हणाले, "कागद दोन्ही बाजूंनी वाचायचा, पंचांसमोर अर्ध कोन वाचतं?" मग मी सगळं वाचलं. पाना आला तेव्हा व्हिन्सेंट काका चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

पण त्याआधी निष्कर्ष आला तेव्हा जयवंत आजोबा उठले होते. खरंच. ते म्हणाले, "पोरीनं आकडे मांडलेत, आता काय बोलू." पिंकी दाराशी होती. ती माझ्याकडे बघून हसली. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

मग मी पुढचं वाचलं, देखणं असतं मजबूत नसतं. वखारीत चाळीस माणसं होती. तुला माहीत आहे ना, वीस वर्षं गावातल्या सगळ्यांचे पत्रे पप्पाच बसवतात. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. दोघं-तिघं तिथूनच घरी पळाले, आपले आकडे मोजायला.

पप्पा उभे राहिले. लालबुंद. म्हणाले, "पत्रा उडाला नाही. मी फेकला."

मम्मी म्हणाली, "अवो, काय बोलता!"

"फेकला म्हणजे फेकला. माझा पत्रा उडत नसतो."

जयवंत आजोबा म्हणाले, "महिनाभर मी तेच बोंबलतोय!" पण ते खूश दिसले नाहीत. ते खाली बसले.

आता पप्पांनीच कबूल केल्यावर सिद्ध करायचं काही उरलं नाही. आजोबांनी पिंकीला बाक बदलून मागायला सांगितलंय. कायमचा. व्हिन्सेंट काका म्हणाले, पंचांना नुसती कबुली चालत नाही, पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता फेकून दाखव. फेकला तर तुझं खरं, आणि पानवेल तू लावून द्यायची.

मावशी, मला आता पप्पांनी हरायला हवंय. असं वाटणं पाप आहे का?

तुझी प्रीतल

---

वटार, १५ जुलै १९९७

लिडियास,

मी एवढंच लिहितो. फादरांच्या बंगल्याची कौलं मी चढवली, शाळेची शेड मी घातली, तुझ्या आईच्या न्हाणीवरचा पत्रा मी घातला. तो उडाला का? तू शिकलेली आहेस, मी मानतो. पण माणसाला फेकाफेकी केली म्हणून नाव ठेवलं तर चार दिवसांत विसरतात. आकडे मारले नाहीत म्हणून नाव ठेवलं तर त्याला पुन्हा छपरावर कोणी चढवत नाही.

मी सराव करतो आहे. दंडांत जोर आला आहे.

ऑगस्टीन

---

नवघर, १७ जुलै १९९७

ऑगस्टीन भावोजींस,

आईच्या न्हाणीवर तेरा आकडे आहेत. सात मी नंतर मारले.

खाजगी मजकूर चाळीस लोकांत वाचला जाईल याची मला कल्पना नव्हती, पण तो मी लिहिला होता. बदलत नाही.

एक काळजी घ्या. सव्वीस किलो वजन हातांनी बत्तीस फूट फेकणं अशक्य आहे, म्हणून तुम्ही हरणार आहात. हरायला हरकत नाही. मात्र पत्रा डोक्यावर आडवा धरून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहू नका. तुमचं वजन मला माहीत नाही. साठ किलोंच्या आत असेल तर या महिन्यातल्या वाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लिडिया

---

वटार, २१ जुलै १९९७

प्रिय लिडिया मावशीस,

पप्पांचं वजन चोपन्न किलो आहे. आधी केळ्यांच्या काट्यावर केलं. पप्पांनी तुझं पत्र वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "ही कोन मला शिकवनार."

काल तीन वाजता सगळं गाव बावखलावर होतं. आमच्या बाजूला आम्ही, पलीकडे जयवंत आजोबा छत्री मिटून, त्यांच्यामागे पिंकी. वारा खूप होता. व्हिन्सेंट काका वही घेऊन मधल्या बांधावर.

पहिली फेक: चार फूट. पत्रा पाण्यात गेला, चौघांनी बाहेर काढला.

दुसरी फेक: साडेतीन फूट.

पलीकडून जयवंत आजोबा ओरडले, "रात्रीच जमतं काय रे तुला?" सगळे हसले. पप्पांनी शर्ट काढला. पंपाच्या ओट्यावर चढले. पत्रा डोक्यावर घेतला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि अंदाज घ्यायला पुढची कड जरा वर केली.

मावशी, तू लिहिलं होतंस तसंच झालं. तळहातासारखं. आधी पप्पांच्या टाचा उचलल्या. मग चवडे. मग पप्पा नव्हतेच ओट्यावर. ते पत्र्याखाली लोंबत होते, पाठ पुढे करून, आणि बावखलावरून जात होते. ओरडले नाहीत. मम्मी म्हणते ते "आता काय" असं म्हणाले. अकरा फुटांवर त्यांचे हात सुटले आणि ते पाण्यात पडले. पत्रा हलका झाला आणि आणखी वर गेला.

पलीकडचे सगळे उभेच. तेवढ्यात जयवंत आजोबाच आधी ओरडले, "पळा! पत्रा उडालाय! उडालाय रे पत्रा!"

व्हिन्सेंट काकांनी ते वहीत लिहून घेतलं. वेळ घालून.

पत्रा पानवेलीत पडला, उरलेल्या ओळींवर. तिथे तो थांबेना. कड वर करून थाडथाड आपटायला लागला, पुन्हा उडतो की काय. माणसं लांब पळालेली. व्हिन्सेंट काका ओरडले, "बसा कोनीतरी त्याच्यावर!" पिंकी जवळ होती, ती जाऊन बसली. ती एकटीच होती म्हणून पत्रा तिच्यासकट हलत होता. मी बांधावरून धावले आणि दुसऱ्या टोकाला बसले. मग हलला नाही.

पप्पांना बाहेर काढलं. केसांत शेवाळ. ते म्हणाले, "बघितलंत? फेकला ना मी?"

व्हिन्सेंट काका म्हणाले, "ऑगस्टीन, फेकणारा काठावर राहतो."

पप्पांनी केसांतलं शेवाळ काढून टाकलं. मग म्हणाले, "चारच आकडे होते. रस्त्याकडचे मारले आणि मॅग्डलीनने जेवायला हाक दिली. सोळा डब्यात आहेत." एवढं बोलून ते काठावर बसले. कोणी हसलं नाही. जयवंत आजोबांनी आपला टॉवेल दिला आणि म्हणाले, "माझ्या पडवीवर किती मारलेस ते सांग आधी." पप्पा म्हणाले, "उद्या येतो."

निकाल: पत्रा उडाला. गावातली सगळी छपरं पप्पांनी पुन्हा तपासायची आणि जयवंत आजोबांनी शिडी धरून आकडे मोजायचे. आज सकाळपासून दोघं तेच करतायत. भांडतायत, पण शिडीवर.

मी आणि पिंकी पत्र्यावर सहा वाजेपर्यंत बसून होतो. उठता येत नव्हतं, वारा सहापर्यंत तसाच होता. मोठ्यांनी दोनदा विचारलं, "पडला का गं वारा?" आम्ही म्हणालो, नाही. पिंकीकडे पस्तीस दिवसांचं साठलेलं होतं. सगळं झालं नाही, फक्त तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचलो.

तुझी प्रीतल

---

नवघर, २५ जुलै १९९७

पान पहिलं, वखारीत वाचण्यासाठी

पंचांस,

निकाल शास्त्राला धरून आहे. आकडे वीसच मारावेत. ऑगस्टीन भावोजी उडाले ते अंतर अकरा फूट नोंदवलं आहे. ते हात सुटेपर्यंतचं आहे की पाण्यात पडेपर्यंतचं, हे वहीत स्पष्ट करावं.

लिडिया

पान दुसरं, प्रीतलसाठी. हे वेगळ्या पाकिटात मम्मीच्या नावाने पाठवलं आहे आणि घरीच वाचायचं आहे.

प्रिय प्रीतल,

कारखान्यात वाऱ्याचा वेग मोजायचं एक यंत्र आहे. वाट्या फिरतात आणि काटा हलतो. शनिवारी मी ते सही करून घरी आणलं. रविवारी दुपारी दोन ते सहा गच्चीवर उभी राहून दर पाच मिनिटांनी नोंद घेतली. शेजारच्या बाईंनी विचारलं, कपडे वाळत नाहीत का. मी हो म्हणाले.

तीन चाळीसला झोत ताशी बहात्तर किलोमीटर. भावोजी तेव्हाच गेले असावेत. त्या वाऱ्यात तुम्ही दोघी बसलात ते योग्य केलंत.

मग वारा उतरत गेला. नवघर आणि वटार एकच नाही, थोडा फरक धरायला हवा. पण साडेचारला काटा बारावर होता आणि सहापर्यंत त्याच्या वर गेला नाही. ताशी बारा किलोमीटरचा वारा तुमच्या पत्र्याखालून जास्तीत जास्त अडीच किलो उचलू शकतो. पत्रा एकटाच सव्वीस किलोंचा आहे. म्हणजे साडेचारनंतर त्याच्यावर कोणी बसण्याची गरज नव्हती. दीड तास.

मी हे तपासून पाहिलं. दोनदा.

साडेचार ते सहाच्या नोंदींचं पान वहीतून काढून सोबत पाठवते आहे. दुसरी प्रत नाही.

लिडिया मावशी